वासराविना रेनेट

चीज बनवण्याच्या प्रात्यक्षिकात साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या दुधात रेनेट घालतात आणि ते पाऊणएक तास न हलवता ठेवतात. मग विद्यार्थी सुरी तिरकी खुपसून अलगद वर उचलतो. घट्ट झालेले दूध सरळ फाटले आणि भेगेत हिरवट निवळी साचली, की ते कापायला तयार. ही किमया रेनेटमधल्या कायमोसिन या विकराची. दुधातल्या कॅपा-केसिनचा एक ठरावीक बंध ते तोडते आणि केसिनचे कण एकमेकांना चिकटू लागतात.

परंपरेने हे विकर मिळवत आले ते दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून. त्यासाठी वासरू मारावे लागते.

शाकाहारी घरातून अन्नतंत्रज्ञान शिकायला आलेला विद्यार्थी इथे अडखळतो. विज्ञानाने त्यावर तोड काढली आहे. वासराचे जनुक जीवाणू, यीस्ट किंवा बुरशीत घालायचे, ते टाकीत वाढवायचे आणि विकर शुद्ध करून घ्यायचे. अशा कायमोसिनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९० साली मान्यता दिली. वासरू वाचले, पण रेणू तोच आणि जनुकही मुळात वासराचेच. मग हे चीज शाकाहारी म्हणायचे का?

शाकाहार पदार्थाच्या कुळात शोधला तर उत्तर नकाराकडे झुकते, कृतीत शोधला तर होकाराकडे. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे करणाऱ्याच्या बेसावध, विकारवश वृत्तीशी जोडलेली आहे. इस्लामी धर्मशास्त्राची वाट वेगळी. तिथे एक कसोटी ‘इस्तिहाला’ची, म्हणजे पदार्थाचे मूळ स्वरूप पालटले का याची. दारूचा आपोआप सिरका झाला तर तो हलाल. जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेल्या जिलेटिनबद्दल मात्र विद्वानांत आजही मतभेद आहेत.

कृतीचा निकष अधिक खरा आहे, कारण वेदना जिवाला होते, रेणूला नाही. पण तो मानला की प्रयोगशाळेतल्या इतर गोष्टींकडेही पाहावे लागते. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर १५ मिनिटांत असंख्य सूक्ष्मजीव मरतात. जैन विचार अशा एकेंद्रिय, म्हणजे एकच इंद्रिय असलेल्या, जीवांनाही जीवच मानतो, तरीही त्यांच्यात आणि वासरात तो इंद्रियांनुसार फरक करतो. हा फरक या चर्चेत फार उपयोगी आहे.

दुधाचा प्रश्न त्याहून अवघड. गाय दूध देते ती व्यायल्यावर. गोऱ्ह्याचे पुढे काय झाले, हे पाकिटावरचे हिरवे चिन्ह सांगत नाही. आपल्या नियमांत प्राणिजन्य पदार्थ मांसाहारी ठरतात, पण दूध त्याला अपवाद आहे. २०२२ साली व्हीगन अन्नासाठी स्वतंत्र नियम आले, त्यांत दूधही बसत नाही.

उद्या कारखान्यात घटकद्रव्ये निवडणारे आणि पाकिटावरचा मजकूर ठरवणारे हेच विद्यार्थी आहेत. तेव्हा माटुंग्यापासून परभणीपर्यंत अन्नतंत्रज्ञान शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी रेनेटच्या प्रात्यक्षिकाला जोडून एक तास या चर्चेसाठी जरूर ठेवावा.