राबाची आग आणि पापाचा वाटा

हरिहरेश्वराच्या आसपास जांभ्याची जमीन वैशाखात कुदळीला दाद देत नाही. भाताची रोपं करायची तर कोकणी रीत म्हणजे राब भाजणं. शेण, टहाळ (झाडांच्या पालेदार फांद्या), पालापाचोळा, गवत यांचे थर द्यायचे, वर बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट अंगाने आग लावायची, म्हणजे ती सावकाश सरकते. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते. पाऊस आला की तिथेच पेरणी.

त्या आगीत किडामुंगीही जाते. हे पाप कोणाचं?

प्रश्न जुना आहे. नांगराचा लोखंडी फाळ भूमीला आणि तिच्यातल्या जिवांना इजा करतो, म्हणून मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात शेती निंद्य ठरवली आहे. (निंदकांच्या पानातला भात कुठून आला, हे तिथे विचारलेलं नाही.) बौद्ध भिक्षूंच्या पायाखाली कोवळं गवत तुडवलं जातं, अशी तक्रार आल्यावर वर्षावासाचा, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचा, नियम झाला, पण भिक्षेतलं अन्न कोणीतरी पिकवत होतंच.

राब सरकारदरबारीही वादात आला: 1885 साली नेमलेल्या मुंबई वन आयोगापुढे ठाणे-कुलाब्यात राबासाठी जंगलातून टहाळ तोडण्याचा वाद होता. आज दापोलीचं कृषी विद्यापीठ राब न भाजता गादीवाफे सुचवतं. धूर टळतो, पण खणणं टळत नाही, म्हणजे जीव मरतातच. तेव्हा भात सगळेच खात असताना हे पाप एकट्या शेतकऱ्याच्या पदरात टाकणं सरळसरळ अन्यायाचं आहे.