राखेतून उठणारे नगर



मनुष्य नगर वसवितो. परंतु ते कशाच्या आधारावर वसवितो, हा प्रश्न पवित्र शास्त्र आपणांस वारंवार विचारते. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे.

1913 साली डेट्रॉइटलगतच्या हायलँड पार्क येथे हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात मोटारजुळणीचा सरकता पट्टा सुरू झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी कामगारांस दिवसाला पाच डॉलर देऊ केले. भाकरीच्या शोधात लोक दूरदूरहून आले. दक्षिणेकडील अन्यायाला कंटाळलेले कृष्णवर्णीयही आले. 1950 च्या जनगणनेत शहराची वस्ती सुमारे साडेअठरा लाख भरली. पुढे कारखाने शहराबाहेर व अन्य राज्यांत गेले, यंत्रांनी माणसांची जागा घेतली, परदेशी मोटारींची स्पर्धा वाढली. वर्णभेदाने शेजारी दुरावले. 1967 च्या दंगलीत 43 जणांचे प्राण गेले. ज्यांना जाता आले ते निघून गेले. अनेक दुर्बळ मागे राहिले. 2013 साली शहराने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज केला. 2020 च्या जनगणनेत तेथे सुमारे 6 लाख 39 हजार माणसे उरली होती.

या पतनास देवाचा शाप म्हणण्याची घाई आपण करू नये. शिलोहाच्या बुरुजाखाली मेलेले इतरांहून अधिक पापी नव्हते, असे सांगून प्रभूने ऐकणाऱ्यांनाच पश्चात्तापास बोलाविले (लूक 13:4-5). म्हणून प्रश्न आपणांसच आहे. माझा भरवसा वेतनावर आहे की वेतन देणाऱ्या हातांमागील परमेश्वरावर? नोकरी गेलेल्या बांधवाची किंमत माझ्या नजरेत उतरते काय? मंडळीतील त्याची जागा रिकामी दिसली, तर मी त्याच्या दारी जातो काय?

1805 साली हेच नगर आगीत जवळजवळ भस्मसात झाले होते. तेव्हा तेथील धर्मगुरू फादर गाब्रिएल रिशार यांनी अधिक चांगल्याची आशा व राखेतून पुनरुत्थान यांविषयी काढलेले उद्गार पुढे शहराचे बोधवाक्य झाले. पहिली मोटार धावण्याच्या कितीतरी आधी त्या नगरास आशा लाभली होती! कारखाना गेला म्हणून ती गेली नाही.

बाबेलातील बंदिवानांस परमेश्वराने सांगितले, की ज्या नगरात तुम्ही आहात त्याचे हित साधा व त्याच्यासाठी प्रार्थना करा (यिर्मया 29:7). ते नगर त्यांच्या आवडीचे नव्हते, तरी आज्ञा हीच होती. वाचकहो, आपले नगर भरभराटीत असो वा उतरणीस लागलेले असो, मागे राहिलेल्यांसोबत राहण्याची कृपा प्रभू आपणांस देवो. आमेन.