शिशुपालवधाचे वाचन : साधकास ग्राह्य की त्याज्य?

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांचा ‘शिशुपालवध’ हा ग्रंथ पंथाने साती ग्रंथांत मानाने बसविला आहे. नाव सर्वांच्या मुखी आहे; परंतु ग्रंथ आरंभापासून अंतापर्यंत वाचलेले साधनवंत व वासनिक किती निघतील, हा प्रश्न विचारला असता समाधानकारक उत्तर मिळत नाही. न वाचण्याची कारणे मात्र दोन्हीकडून तत्परतेने सांगितली जातात. ग्रंथ दीर्घ आहे, 1087 ओव्यांचा आहे. भाषा सातशे वर्षांपूर्वीची आहे. कथा तर सर्वांस ठाऊकच आहे. शिवाय भिक्षुकाचा वेळ स्मरणासाठी आहे, काव्यरसासाठी नव्हे. हे आक्षेप आळसातूनच निघतात असे म्हणून त्यांस झिडकारणे योग्य नव्हे. त्यांपैकी शेवटचा आक्षेप तर प्रत्यक्ष ग्रंथकर्त्यासमोरच उपस्थित झालेला आहे.

परंपरा सांगते की, हे काव्य पूर्ण झाल्यावर भास्करभट्टांनी ते आपल्या ज्येष्ठ गुरुबंधूंस दाखविले. ग्रंथ उत्तम झाला आहे, परंतु तो शृंगाराची गोडी असलेल्या प्रवृत्त जनांस योग्य आहे, निवृत्तांस नव्हे, असा अभिप्राय त्यांस मिळाला. भास्करभट्टांनी तो अभिप्राय शिरोधार्य मानला आणि भागवताच्या एकादश स्कंधावर 827 ओव्यांची ‘उद्धवगीता’ रचिली. हा प्रसंग पुष्कळदा भास्करभट्टांच्या विनयाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, व ते यथार्थच आहे. परंतु त्यात वाचकाच्या अधिकाराचाही निर्णय आहे. त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

पूर्वपक्ष असा मांडता येईल. ज्येष्ठांनीच ग्रंथ निवृत्तास अयोग्य ठरविला. कवीनेही तो निर्णय मानून दुसरा ग्रंथ दिला. मग पहिल्याचे प्रयोजन संपले. साधकाने उद्धवगीता वाचावी, सूत्रपाठाचे चिंतन करावे, लीळाचरित्र ऐकावे; शिशुपालवध विद्वानांच्या अभ्यासास सोडून द्यावा.

या पूर्वपक्षात एक गोष्ट सुटते. अभिप्राय देणाऱ्यांनी ग्रंथ सदोष म्हटला नाही, उत्तम म्हटला. त्यांनी ग्रंथ कोणास योग्य व कोणास अयोग्य, एवढेच सांगितले. पोथी नष्ट करावी असे कोणी सुचविले नाही, आणि पंथाने पुढे उद्धवगीता स्वीकारताना शिशुपालवध वगळला नाही. दोन्ही ग्रंथ साती ग्रंथांत शेजारी शेजारी राहिले. एखादे औषध एका रोग्यास वर्ज्य केले म्हणून वैद्य ते फेकून देत नाही; ज्यास ते लागू पडते त्याच्यासाठी ते राखून ठेवतो. येथेही ग्राह्य-अग्राह्याचा निर्णय वाचकाच्या अधिकारावर ठरतो.

तेव्हा प्रथम वासनिकाचा विचार करावा. गृहस्थाश्रमी मनुष्य प्रवृत्तीतच राहतो. शेत, व्यापार, नोकरी, मुलाबाळांची चिंता यांत त्याचे मन गुंतलेले असते आणि रम्य वर्णनाची, कथेची, शृंगाराची ओढ त्यास असतेच. ती ओढ नाही असे मानून त्यास केवळ वैराग्याचा उपदेश केला, तर तो उपदेश मान हलवून ऐकेल आणि करमणुकीसाठी अन्यत्र जाईल. शिशुपालवधात द्वारका आहे, श्रीकृष्ण-रुक्मिणींचा प्रणयकलह आहे, वसंताचे वर्णन आहे. पण या सर्वांच्या केंद्रस्थानी श्रीकृष्ण चक्रवर्ती आहेत. वाचकाची ओढ जेथे जाईल तेथे तिला परमेश्वराची लीळाच भेटते. म्हणून ‘प्रवृत्तांस योग्य’ हा ज्येष्ठांचा शब्द वासनिकाने निषेध म्हणून ऐकू नये. त्याच्यासाठी ती अनुज्ञा आहे.

भिक्षुकाचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तेथे सवलतीचे उत्तर देऊन चालणार नाही. नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा यांचे स्मरण हे त्याचे विहित कर्म. काव्य लीळेचेच असले तरी, वाचताना चित्त लीळेवर राहते की उपमेवर, हे ज्याचे त्यानेच तपासावयाचे असते. एखाद्या ओवीतील कल्पना सुंदर आहे म्हणून ती चौघांत म्हणून दाखविण्याची इच्छा झाली, तर तेथे स्मरण संपून विद्वत्तेचा अभिमान सुरू झाला असे समजावे. ज्याचा नित्यविधी अद्याप स्थिर झाला नाही, त्याने शिशुपालवधापासून आरंभ करू नये. त्याने आधी उद्धवगीता वाचावी आणि पुढे जाणत्याच्या सान्निध्यात शिशुपालवध हाती घ्यावा. हाच क्रम कवीच्या लेखनाच्या उलट, पण त्यास मिळालेल्या अभिप्रायास अनुसरून आहे.

आता भाषेच्या काठिण्याचा आक्षेप. केशिराजबासांच्या संस्कृत रचनेविषयी आचार्य श्रीनागदेवाचार्यांनी जो निषेध केला, त्याचे कारण प्रसिद्ध आहे : संस्कृतामुळे साध्याभोळ्या वृद्ध स्त्रिया ज्ञानास मुकतील, ही त्यांची चिंता होती. त्याच धोरणास अनुसरून भास्करभट्टांनी माघाच्या वीस सर्गांच्या संस्कृत महाकाव्याचा विषय मराठी ओवीत आणला. म्हणजे हा ग्रंथ मुळात दुर्बोध नव्हता. लोकांस कळावा म्हणूनच तो मराठीत झाला. काठिण्य काळाने आणले आहे. ‘निके’ म्हणजे चांगले, ‘वोखटे’ म्हणजे वाईट, ‘तयातें’ म्हणजे त्याला, अशी शे-दोनशे रूपे ओळखीची झाली की ओवी बरीचशी मोकळी होते. ज्या भाषेस 2024 मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जिचे विद्यापीठ रिद्धपुरास स्थापन झाले, तिचे आद्य ग्रंथ पंथाच्याच लोकांस वाचता येऊ नयेत, ही गोष्ट अभिमानाची नाही. आज आचार्यांची ती चिंता पुन्हा खरी होऊ पाहत आहे : आपल्याच मराठी ग्रंथांस आपलीच माणसे मुकत आहेत. यावर उपाय ग्रंथ सोडणे हा नव्हे. ज्यास वाचता येते त्याने इतरांस वाचून व उलगडून दाखविणे हा आहे.

राहिला दीर्घतेचा आक्षेप. कथा ठाऊक आहे, सारांश पुरेसा आहे, असे म्हटले जाते. केवळ शिशुपाल मारला गेला एवढेच जाणावयाचे असेल, तर सारांशाचीही आवश्यकता नाही. ग्रंथाच्या नावातच ते सांगितले आहे. परंतु या कथेचे मर्म वधात नसून वधापूर्वीच्या सहनात आहे. महाभारतातील वृत्तांतानुसार श्रीकृष्णांनी आपल्या आत्यास, शिशुपालाच्या मातेस, त्याचे शंभर अपराध सहन करण्याचे वचन दिले होते आणि भर राजसूय सभेत निंदा ऐकत असताना ते पाळले. क्षमेचा हा विस्तार एका वाक्यात समजतो, पण मनात मुरत नाही. शंभर अपराधांच्या सहनशीलतेची थोरवी गाणाऱ्यास अकराशे ओव्यांचा धीर नसावा, हे विसंगत आहे. या काव्यात मुख्य कथाभाग थोडा व वर्णनभाग मोठा, असा आक्षेप टीकाकार घेतात; काव्यदृष्ट्या तो विचारात घ्यावा. साधकास मात्र तो विलंबही उपयोगी आहे, कारण लीळेत रमून राहण्यास त्यास अवसर मिळतो.

वेळेचा हिशेबही वाटतो तितका भयंकर नाही. दररोज दहा ओव्या वाचल्या तर 109 दिवसांत, म्हणजे एका चातुर्मासाच्या अवधीत, ग्रंथ पूर्ण होतो. दहा ओव्यांस अर्थासह अर्धा घटका ते एक घटका पुरते. म्हाइंभटांनी एकेक लीळा ज्याने पाहिली-ऐकली त्यास विचारून संग्रहित केली. त्या परिश्रमांच्या वारसांस एवढा वेळ जड जाऊ नये.

तात्पर्य, शिशुपालवध वासनिकाने निःशंकपणे वाचावा. भिक्षुकाने अधिकार पाहून, उद्धवगीतेनंतर, स्मरणाचे साधन म्हणून वाचावा. आणि ग्रंथ मिटल्यावर प्रत्येकाने एवढेच पाहावे की चित्तात काय उरले. श्रीकृष्ण चक्रवर्तींची लीळा उरली असेल तर वाचन सफल झाले. केवळ शब्दांची गोडी उरली असेल, तर ज्येष्ठांचा तो अभिप्राय आपल्यासाठीच होता असे समजून उद्धवगीतेकडे वळावे. भास्करभट्टांनीही तेच केले. इत्यलम्.