मावशी, तुमची सावली येतेय

दोस्तांनो, वरचं वाक्य माझ्या कानातून जात नाही, म्हणून कागदावर उतरवतोय.

गेल्या ६ डिसेंबरला मी मुंबईला आलो होतो. माझी सूतगिरणी गावाकडं. दोन पाळ्या बदलून घेतल्या आणि रातची गाडी धरली. चैत्यभूमीच्या रांगेत पाय मोडेस्तोवर उभा राहिलो आणि दुपार कलल्यावर परळला आत्याकडं गेलो. जुनी चाळ. जिन्याच्या वळणावर पश्चिमेकडं एक मोठी खिडकी आहे. लाकडी चौकट, लोखंडी गज, वरची दोन तावदानं फुटलेली. थंडीच्या दिवसांत सूर्य खालून चालतो. पाच वाजले की ऊन सरळ गजांतून आत घुसतं आणि पोपडे उडालेल्या भिंतीवर पिवळे पट्टे उमटतात. आत्या रोज त्याच वेळेला तिथं पायरीवर बसते. तेवढाच फुकटचा उजेड. त्या दिवशी ती मेथी निवडत होती. मी वरच्या पायरीवर.

एक पोरगा आला. माझ्याच वयाचा. गळ्यात मोठा कॅमेरा. जुन्या इमारतींचे फोटो काढत फिरतो म्हणाला. बोलायला चांगला, नम्र. त्यानं ऊन पाहिलं, भिंत पाहिली, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "मावशी, जरा बाजूला सरकता का? तुमची सावली येतेय."

आत्या मेथीचं ताट उचलून अंधारात जाऊन बसली. त्यानं दहा-बारा फोटो काढले. एक तिला दाखवलाही. ती म्हणाली, "अगो बाई, आमचा जिना एवढा देखणा आहे होय!" तो हसला, आभार मानून गेला.

यात गुन्हा कोणाचा? पोरानं शिवी दिली नाही, जात विचारली नाही. आत्याला राग आला नाही. तरी माझ्या पोटात काहीतरी तुटलं. का तुटलं, ते शोधायचा हा प्रयत्न.

पेशवाईत पुण्याच्या वेशीच्या आत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी मज्जाव होता, अशी नोंद गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या आपल्या १९३२ सालच्या पुस्तकात केली आहे. कारण काय? या वेळांना सावल्या लांब पडतात. हा साधा हिशेब आहे. सूर्य ४५ अंशांवर असेल तर सावली माणसाएवढी. तोच १० अंशांवर उतरला की सावली माणसाच्या साडेपाच पटीहून लांब. म्हणजे माणूस दूर उभा असला तरी त्याची सावली वरच्या जातीच्या अंगावर जाणार. म्हणून माणसालाच बाहेर काढायचं. आणि फोटो काढणारे ज्या वेळेला सोनेरी म्हणतात, ती हीच वेळ. तेच तिरपं ऊन, त्याच लांब सावल्या. त्या पोराला हे माहीत नसणार. पण माहीत नसणं हा सुद्धा वारसाच असतो. ज्याच्या आज्याची सावली कधी कुणी अडवली नाही, त्याला 'सावली येतेय' हे वाक्य हलकं वाटतं. आत्याच्या अंगावर ते सगळ्या वजनानिशी पडतं, तिला कळो न कळो.

रांगेत भेटलेल्या एका कार्यकर्त्या मित्राला रात्री हे सांगितलं, तर तो उखडला. म्हणाला, "सूर्यास्ताचे फोटो हे भरल्या पोटाचे चोचले. आपला काय संबंध?" मला हे पटत नाही. मीही मोबाईलवर खिडक्यांचे, उन्हाचे फोटो काढतो. पाळीवरून आल्यावर, कान अजून साच्यांच्या आवाजानं बधिर असताना, भिंतीवरचा उन्हाचा तुकडा बघितला की मला बरं वाटतं. ते बरं वाटणं चोरीचं आहे काय? संध्याकाळ आपण होऊन त्यांना देऊन टाकली, तर तीननंतर वेशीबाहेर जायचा कायदा आपणच आपल्यावर पुन्हा लादला. पेशव्यांची गरजच काय मग?

म्हणजे सौंदर्य पाहिजेच. प्रश्न आहे, ते कशातून आलं हे बघायचं की नाही.

आजा मुंबईच्या गिरणीत साचाखात्यात होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. आजा पुन्हा आत गेला नाही. जुन्या गिरण्यांचं छप्पर करवतीच्या दात्यांसारखं असायचं. दात्यांच्या उभ्या बाजूला काचा, आणि त्या उत्तरेकडं. थेट ऊन आत येऊ नये, सगळीकडं सारखा उजेड पडावा आणि बारीक धागा दिसावा, म्हणून. दमटपणा टिकावा, धागा तुटू नये म्हणून खिडक्या बंद. मालकाला धागा दिसायला हवा होता. कामगाराला सूर्य दिसायला हवा, असं कुणाच्या नकाशात नव्हतं. आता बंद गिरण्यांचे फोटो बघतो. छपरातून उन्हाचे भाले खाली घुसलेत, फार सुंदर. पण पत्रे फुटले तेव्हा ते ऊन आत आलं. आजा होता तोवर आलं नाही.

आणखी एक. उन्हाचा भाला दिसतो कसा? हवेत धूळ असते, तिच्यावर उजेड आपटतो म्हणून. स्वच्छ हवेत उजेडाची वाट दिसत नाही. चालू गिरणीत ही धूळ कापसाची असते. ती छातीत साठून जो रोग होतो त्याला बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येते. आजा म्हातारपणी भिंतीला टेकून बसूनच झोपायचा. तेव्हा फोटोतला किरण बघताना मी विचारतो, ही धूळ कुणाच्या छातीतून उरलेली आहे? किरण त्यामुळं कुरूप होत नाही. पण तो नुसता किरणही राहत नाही.

वाचनालयात एका पुस्तकात एक जुना फोटो पाहिला. १८३८ साली पॅरिसमध्ये दागेर नावाच्या माणसानं उंचावरच्या खिडकीतून रस्त्याचा काढलेला. तेव्हा एका फोटोला काही मिनिटं लागत. रस्त्यावर गर्दी असणार, गाड्या असणार. पण जे हलत होते ते फोटोत उमटलेच नाहीत. रस्ता रिकामा. फक्त एका कोपऱ्यात एक माणूस उमटलाय, कारण तो पाय पुढं करून बूटपॉलिश करून घेत उभा होता. माणूस दिसणारा सगळ्यात जुना फोटो म्हणून तो ओळखला जातो. पायाशी वाकलेला पॉलिशवाला एक पुसट डाग आहे. त्याचे हात चालत होते ना! जो उभा राहून सेवा घेतो तो ठळक, जो राबतो तो पुसट. हे दागेरनं ठरवून केलं नाही. पण यंत्र कुणासाठी थांबतं आणि कुणाला गाळतं, ते पहिल्या दिवसापासून असं आहे.

आजही तसंच. मोबाईलच्या पडद्यावर खिडकीवर बोट ठेवा, ऊन सुरेख येतं आणि आतला माणूस काळा ठिक्कर. माणसाच्या तोंडावर बोट ठेवा, तोंड दिसतं आणि खिडकी पांढरीफटक. आताचे फोन दोन्ही जुळवायला बघतात, पण ऊन जोराचं असलं की त्यांचंही चालत नाही. उजेडाचं माप कुठं धरायचं, हे बोटानं ठरवावं लागतं. मला वाटतं, या कलेतली सगळी नीती त्या बोटात आहे. प्रत्येक फोटोत माणूस पाहिजेच असं मी म्हणत नाही. रिकाम्या खिडकीलाही तिचं म्हणणं असतं. पण रिकामी खिडकी वेगळी आणि रिकामी करवलेली खिडकी वेगळी.

आता माझी गोष्ट सांगतो, कारण दुसऱ्याला झोडपून थांबणं सोपं असतं.

तो पोरगा गेल्यावर मी आत्याला म्हणालो, "बस पुन्हा तिथंच, मी तुझा काढतो." मला तीच पायरी हवी होती, तेच मेथीचं ताट, तीच विटकी साडी. आत्या म्हणाली, "अशी काय काढतोस? थांब जरा." आणि आत गेली. ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. सहा वाजता सूर्य बुडणार. मी खाली चुळबुळत उभा. आत्या येईना. खरं सांगतो, मी चिडलो. माझा उजेड चालला होता! त्या पाच मिनिटांत मी आणि तो कॅमेरेवाला पोरगा यांत काडीचा फरक नव्हता. त्याला आत्या नको होती, मला दीनवाणी आत्या हवी होती. तिला काय हवं, ते दोघांनीही विचारलं नव्हतं. आपल्या कवितेतही असं होतं, दोस्तांनो. आपणही आपल्या माणसांना दुःखाच्या चौकटीत नेमकं बसवतो आणि हलू देत नाही.

आत्या आली. पहाटे चैत्यभूमीला नेसलेली पांढरी साडी पुन्हा नेसून, केस विंचरून, चष्मा पुसून. ऊन गेलं होतं. ती खिडकीला टेकून ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "काढ आता."

काढला. फोटो अंधुक आहे. पट्टे नाहीत, सोनेरी काही नाही, दाणे दाणे दिसतात. पण तोंड ओळखू येतं. आपल्या भाषेत याला छायाचित्र म्हणतात. छाया म्हणजे सावलीच.

आत्यानं त्याची मोठी प्रत मागितलीय, भिंतीवर लावायला. या महिन्याच्या पगारात करून पाठवणार आहे.

जयभीम.