धूर आणि अनुदान

गेल्या पौषांतली गोष्ट. पहाटे पांचच्या सुमारास धुराचा वास आला म्हणून मी खिडकी लावण्यास उठलों. खालीं फाटकापाशीं आमचा रखवालदार वाळलेल्या पाल्याची शेकोटी करून बसला होता. त्या रविवारीं आमच्या कोथरुडच्या वसाहतीच्या सभेंत हाच विषय निघाला. उघड्यावर पाला जाळण्यास कायद्यानें मनाई आहे, असें एका गृहस्थांनीं बजावलें. आणि तें खरेंहि आहे. रखवालदारास बोलावून समज देण्यांत आली. तो एवढेंच म्हणाला, "उद्यांपासून नाहीं पेटवत, साहेब. पण रात्र कशी काढायची तेवढें सांगा." कोणींच कांहीं सांगितलें नाहीं. सभा आटोपून खालीं आलों, तों वाहनतळावर माझी विजेची मोटार भिंतीवरून वीज भरून घेत उभी होती.

ही मोटार मीं २०२२ सालीं घेतली. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणांत अशा पहिल्या दहा हजार मोटारींना प्रत्येकीं दीड लाख रुपयांपर्यंत सवलत ठेवलेली होती. रस्त्याचा कर आणि नोंदणीची फी माफ होती तीं वेगळींच. ही सवलत मीं आनंदानें पदरांत पाडून घेतली. सरकारनें मला कां दिलें? मी धूर करीत नाहीं म्हणून. रखवालदाराला आम्हीं कां दटावलें? तो धूर करतो म्हणून. तर्काला धरूनच हें सारें झालें. तरीहि त्या दिवशीं जिना चढतांना मला स्वतःची थोडी लाज वाटली, आणि ती कशाची हें शोधून काढावें म्हणून हा लेखनप्रपंच.

अर्थशास्त्र जाणणारे माझे एक स्नेही म्हणतात कीं, अनुदान हें कोणाच्या गरिबीवरची फुंकर नव्हे. नवी वस्तु प्रथम महाग असते. चार सधन माणसांनीं ती घेतली म्हणजे कारखाने वाढतात, किंमत उतरते, आणि मग ती सामान्यांच्या हातीं येते. शिवाय हवा कोणाच्या एकट्याच्या मालकीची नाहीं. माझ्या मोटारीनें न सोडलेला धूर स्वारगेटच्या चौकांत उभ्या असलेल्या फेरीवाल्याच्याहि छातींत जात नाहीं. तेव्हां पैसा माझ्या हातीं पडला तरी लाभ सर्वांचा.

युक्तिवाद बळकट आहे, आणि त्याचा अर्धा भाग मला मान्य आहे. परंतु हवा सर्वांची असली तरी श्वास ज्याचा त्यानें घ्यावयाचा असतो. मी कांचा लावून बसतों; फेरीवाला दहा तास चौकांत उभा असतो. पहाटे रस्ता झाडणारी बाई तर धुळीच्या लोटांतच काम करते. भारताच्या मानकाप्रमाणें अतिसूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं ती ५ वर आणली. हे आंकडे शहराचे असतात, माणसाचे नसतात. सरासरी श्वास घेणारा मनुष्य अजून कोणीं पाहिलेला नाहीं.

'अनुदान' या शब्दाकडेच पाहा. 'अनु' म्हणजे मागून. ज्यानें आधीं स्वतःची थैली सोडली त्याच्या मागून येणारें तें अनुदान; ज्याच्यापाशीं थैलीच नाहीं त्याच्या मागें तें कसें जावें? पुणेंकरांना हा प्रश्न नवा नाहीं. पेशवाईंत पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जाई, आणि इंग्रजी अमलांतहि ती प्रथा कांहीं रूपानें चालू राहिली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसारख्या सुधारकांनीं, हा पैसा मराठी ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा, असा आग्रह धरला तेव्हां शहरांत केवढें काहूर उठलें! सार्वजनिक पैसा सन्मानितांकडे जावा कीं उपयोगाकडे, हाच तेव्हांचा वाद होता. रमणा गेला, वाद राहिला.

आतां शहरांना मिळणाऱ्या पैशाचें पाहूं. केंद्र सरकारनें २०१९ सालीं शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला; पुणें आरंभापासून त्यांत आहे. पंधराव्या वित्त आयोगानें २०२०-२१ सालाकरितां दहा लाखांवरील वस्तीच्या शहरांच्या हवेसाठीं ४,४०० कोटी रुपये दिले आणि त्यांतला कांहीं भाग हवा सुधारण्याच्या अटीवर ठेवला. रोगी बरा होत असल्याचें दिसलें तरच पुढच्या औषधाला पैसे, अशांतला हा प्रकार. अट घालणाऱ्यांचा हेतु वाईट नव्हता. पैसा नुसता जिरूं नये हाच होता. पण ज्या शहराची हवा बिघडतच गेली तेथील लेंकरांनीं काय करावें, याचें उत्तर त्या अटींत नाहीं. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेनें २०२४ सालीं देशभरच्या खर्चाचा हिशेब मांडला. त्यांत सुमारें ६४ टक्के पैसा रस्त्यांवरील धुळीच्या बंदोबस्तावर गेलेला दिसला. वाहनांच्या धुरावर सुमारें १३ टक्के. पाणी शिंपडणें सोपें. त्यानें कोणी दुखावत नाहीं. गाड्या कमी करा म्हटलें कीं आपण सर्वच दुखावतों, मी धरून.

आणि येथेंच आमची बस येते. २०१९ च्या फेब्रुवारींत पुण्यांत विजेच्या बसगाड्या प्रथम धांवूं लागल्या. पुढें केंद्राच्या 'फेम' योजनेंतून अशा गाड्यांना अनुदान मिळालें. चांगलेंच झालें. पण तें अनुदान गाडीला होतें, फेरीला नव्हे. रोज चालण्यांत जी तूट येते ती पुणें व पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका ६० व ४० अशा वांट्यानें भरतात. २०२५ च्या जूनपासून बसचें किमान भाडें ५ रुपयांवरून १० रुपये झालें. त्याच वर्षीं सरकारच्या नव्या धोरणांत मुंबई-पुणें द्रुतगती मार्गावर विजेच्या मोटारींना पथकर माफ करण्याचें ठरलें. म्हणजे मला मुंबईस जातांना सूट, आणि धुणीभांडीं करण्यास वारज्याहून येणाऱ्या बाईंना दुप्पट भाडें. दोन्ही निर्णय निरनिराळ्या कचेऱ्यांत झाले हें मी जाणतों. परंतु कचेऱ्या निराळ्या असल्या तरी खिसा जनतेचाच असतो. पन्नास माणसें वाहून नेणारी डिझेलची जुनी बससुद्धां, एकट्यानें मिरविलेल्या माझ्या निर्धूम मोटारीपेक्षां रस्त्यावर माणशीं कमी जागा अडविते. आणि बस परवडत नाहीं म्हणून जो जुनी दुचाकी घेतो, त्याचा धूर कोणाच्या नांवावर मांडावा?

निर्धूम हा शब्दहि जपूनच वापरावा. माझ्या मोटारींतली वीज बरीचशी कोळशाची. चंद्रपूरचें औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचें आहे, आणि तें चंद्रपूरहि हवा बिघडलेल्या शहरांच्या त्याच यादींत आहे. माझा धूर नाहींसा झाला नाहीं. त्यांतला कांहीं परगांवीं राहावयास गेला.

मग अनुदानें मुळींच नकोत काय? तसें नाहीं. पुणें महापालिकेनें मागें रिक्षांना सी.एन.जी. बसविण्याकरितां बारा हजार रुपये देऊं केले होते. रिक्षावाला दिवसभर चौकांत असतो, धूर करणाराहि तोच आणि खाणाराहि तोच. त्याच्या हातीं दिलेला रुपया त्याच्या श्वासाला आणि रोजच्या इंधनाच्या खर्चाला एकदम लागतो. असा मेळ जेथें बसतो तेथें माझी तक्रार नाहीं. माझी तक्रार ही कीं, आपण खरेदी मोजतों आणि श्वास मोजीत नाहीं.

पुढच्या सभेंत मीं रखवालदाराच्या खोपटांत विजेची शेगडी बसवावी असें सुचविलें. शेगडीला कोणाचीच हरकत नव्हती. पण तिच्या विजेचें बिल कोणाच्या खात्यावर घालावें यावर पाऊण तास चर्चा झाली. तिजोरींत पैसे होते, नियम मात्र नव्हता. शेवटीं मोटारीसाठीं घेतलेल्या माझ्या मीटरवरूनच एक तार फाटकापर्यंत ओढली. पहिल्या महिन्याचें बिल आलें तेव्हां दोहोंतला फरक काढून पाहिला. शेगडीचा वांटा इतका थोडा होता कीं तो सभेंत सांगण्याचें मला धैर्य झालें नाहीं.