हातचा एक

डॉक्टरांची चिठ्ठी तीन आठवडे फ्रिजवर होती, वीजबिलाच्या खाली. मुलाला अजून काही चालू केलेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. ते खरं नव्हतं. ओरडा चालू होता. उठल्या उठल्या, शाळेत जाताना, अभ्यासाला बसवताना आणि झोपताना.

या औषधाला चिठ्ठी लागत नाही. त्याची मात्रा कुणी ठरवून देत नाही, आणि लागू पडलं नाही की आपण ती वाढवतो.

*

त्याच्या गणिताच्या वहीत एक बेरीज आहे. ३६८ अधिक २७५. आठ नि पाच तेरा, तीन लिहिले, हातचा एक. हे तो मोठ्यानं म्हणतो, मी ऐकलेलं आहे. पेन्सिल दशकाच्या घरापर्यंत पोहोचते तोवर हातचा गेलेला असतो. उत्तर ५३३. खाली बाईंचा शेरा: निष्काळजीपणा.

त्या उत्तरापाशी कागदाला भोक पडलंय. खोडून खोडून. ज्याला काळजी नाही तो एवढं खोडत नाही.

*

"एवढ्याशा पोराला डोक्याची गोळी?" सासूबाईंनी विचारलं. आवाजात माया होती, म्हणून जास्त लागलं.

त्यांची भीती खोटी नाही. मुलाला निघालेल्या एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणं नि चंचलता यांसाठी, पहिल्यांदा सुचवतात ते मिथाइलफेनिडेट गुंगी आणत नाही, उलट ते उत्तेजक आहे. मेंदूतलं डोपामिन लवकर मागे खेचलं जाऊ देत नाही, म्हणून हातातल्या कामावर मन टिकतं. आपल्याकडे ते १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये सहसा मिळत नाही. भूक मंदावते. झोप उशिरा येते. वजन, उंची, नाडी, रक्तदाब बघत राहावं लागतं. डॉक्टरांनी हे सगळं बोटांवर मोजून सांगितलं.

"तुला कितीदा सांगायचं" हे रोज ऐकून मुलाचं काय काय मंदावतं, ते मात्र कुणीच मोजून सांगत नाही.

*

"मीही असाच होतो. माझं काय बिघडलं?" नवरा म्हणाला. हे घराण्यात उतरतं, तेव्हा तो असाच असणार. सासूबाई गप्प झाल्या. सासऱ्यांचा पट्टा त्या विसरल्या नव्हत्या. तोही विसरला नव्हता.

*

चष्मा लावतो तसंच हे, असं सांगून लोक धीर देतात. मला ही उपमा पटत नाही. चष्म्यानं डबा भरलेला परत येत नाही. आणि चष्म्याचा नंबर तपासून काढता येतो. इथे रक्ताचा रिपोर्ट नाही, स्कॅन नाही. आम्ही भरलेला फॉर्म, बाईंनी भरलेला फॉर्म, मुलाशी तास-दीड तास बोलणं, आणि हे बाराव्या वर्षाच्या आतलं आहे का, घरी नि शाळेत दोन्हीकडे आहे का, याची विचारपूस. एवढ्यावर ठरवायचं. म्हणून हे घाईनं ठरवणारा डॉक्टर मला नको होता. आमच्या डॉक्टरांनी दोन महिने घेतले. त्या दोन महिन्यांचा तेव्हा राग आला होता.

*

१९३७ साली अमेरिकेत, ऱ्होड आयलंडमध्ये, चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरनं मुलांना बेन्झेड्रिन हे असंच एक उत्तेजक दिलं. दिलं होतं डोकेदुखीसाठी. डोकेदुखीला फारसा उतार पडला नाही, पण कितीतरी मुलं अभ्यासाला लागली. मुलांनीच त्या गोळ्यांना नाव पाडलं: गणिताच्या गोळ्या.

या नावापाशी मी बरेच दिवस अडकले. मोठ्या माणसांनी नाव ठेवलं असतं तर शांततेच्या गोळ्या म्हटलं असतं. वर्ग शांत, घर शांत. मुलांना शांतता नको होती. त्यांना गणित सुटायला हवं होतं. मग मी स्वतःला विचारलं, मला ही गोळी यातल्या कुठल्या नावानं द्यायची आहे? पाहुण्यांसमोर त्यानं एका जागी बसावं म्हणून द्यायची असेल, तर चिठ्ठी फ्रिजवरच बरी.

*

अमेरिकेत आणि कॅनडात ५७९ मुलांवर झालेला एक मोठा अभ्यास १९९९ साली छापून आला. चौदा महिन्यांनी, नीट लक्ष ठेवून औषध दिलेल्या मुलांची चंचलता नुसतं वागणुकीचं वळण लावलेल्या मुलांपेक्षा अधिक घटली होती. तीन वर्षांनी पाहिलं तर गटागटांत तो फरक उरला नव्हता. गोळी देणारे पहिली गोष्ट सांगतात, न देणारे दुसरी. मी दोन्ही जवळ ठेवल्या आहेत. साधी गोळी चारेक तास चालते. त्या चार तासांत दप्तर कसं भरायचं, घड्याळाकडे बघून कसं उठायचं, हे कुणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. ते गोळीत नाही.

पण सकाळची गोळी दुपारी उतरते. सोसली नाही तर डॉक्टरांना विचारून थांबवता येते. सकाळी बोललेला शब्द दुपारी उतरत नाही.

*

एका रविवारी चालू केली, आम्ही दोघं घरी असताना. आधी पोटभर पोहे दिले, कारण दुपारी तो जेवणार नाही हे माहीत होतं. जेवला नाहीच. भात चिवडत बसला. मला रडू आलं, त्याला दिसू दिलं नाही.

दुसऱ्या रविवारी दुपारी त्यानं तीच बेरीज नव्या पानावर केली. कुणी सांगितलं नव्हतं. हातचा एक त्यानं दशकाच्या डोक्यावर लिहिला, बारीक, नि त्याभोवती गोल केला. ६४३. पानाला भोक नाही.

रात्री वही घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई, हे मी केलं की गोळीनं?"

गोल तुझा आहे, एवढंच मला सुचलं. तो ओट्याला टेकून त्या आकड्याकडे बघत राहिला. साडेनऊ वाजून गेले होते आणि आत्ता कुठे त्याला भूक लागली होती. मी वरण परत गरम करायला ठेवलं.