आधी विसावा, मग वाट



“काय करणार, वेळच मिळत नाही!” रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हे वाक्य कानी पडले नाही, असा रविवार विरळाच. पहाटेची विरार लोकल, परतीची गर्दी, मुलांचे क्लास, म्हाताऱ्या आईवडिलांची औषधे, उरलेल्या वाडीला पाणी. अशा वेळी कोणी ‘जरा थांबा, प्रभूपाशी बसा’ म्हटले, की मनात येते : इतकी कामे पडलेली असताना विसावा घेणे म्हणजे आळसच नव्हे काय?

हा प्रश्न मलाही पडला होता. काही वर्षांपूर्वी नोकरीत मला बढती देऊ केली होती. पगार वाढणार होता. पण बहुतेक रविवारी कामावर जावे लागणार होते. सोमवारी उत्तर द्यायचे होते. मित्रांना विचारले, थोरल्या भावाला विचारले. जितकी माणसे तितके सल्ले. शनिवारी संध्याकाळी घरी जाताना पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला चर्चमध्ये शिरलो. गुडघे टेकून म्हणालो, “प्रभो, हो की नाही, एवढेच सांग.” मग बाकावर बसलो आणि चक्क झोपी गेलो!

जाग आली तेव्हा फार शरमलो. शेजारच्या बाकावर एक आजी जपमाळ करत होत्या. त्या हसून म्हणाल्या, “झोपलास तर झोपलास रे, बापाच्याच घरी झोपलास ना!”

आजींच्या त्या बोलण्याने मला संदेष्टा एलिया आठवला. जुन्या करारातील पहिल्या राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात त्याची हकिकत आहे. कर्मेल डोंगरावर देवासाठी मोठे कार्य केलेला हा माणूस ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला. एका झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले आणि तो तसाच झोपी गेला. देवाने त्याला काय केले? रागावला नाही, उपदेशही केला नाही. देवदूताने त्याला हलवून उठवले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे होते. तो जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा उठवून खाऊ घातले, कारण पुढचा पल्ला लांबचा होता. चाळीस दिवस चालून तो होरेब डोंगरावर पोहोचला. तिथे वादळात, भूकंपात, अग्नीत देव नव्हता. नंतरच्या हळुवार आवाजात एलियाला देवाची चाहूल लागली.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी झोप, मग भाकर, मग वाट. आपण नेमके उलटे करतो. थकलेल्या मनाने निर्णय घेतो, आणि सारे निस्तरले की विसावा घेऊ असे म्हणतो. पण कामे कधी संपतात का? विसावा हे काम संपल्याचे बक्षीस नव्हे. मी थांबलो तरी जग देवाच्या हाती सुरक्षित आहे, या श्रद्धेची ती कबुली आहे. आणि भाकर म्हटली, की वेदीवरची ती भाकर आपणांस दर रविवारी मिळतेच.

देवाने होरेबवर एलियाला प्रथम उत्तर दिले नाही, प्रश्न विचारला : तू इथे काय करतोस? त्या संध्याकाळी मलाही ‘हो’ किंवा ‘नाही’ मिळाले नाही. एक प्रश्न मिळाला : एवढ्या साऱ्यांना विचारलेस, पण पत्नीला विचारलेस का?

नव्हते विचारले. रात्री विचारले तेव्हा ती म्हणाली, “तुम्हाला निदान आज रविवार आहे. मला तो कधी होता?” या उत्तराची मला अपेक्षा नव्हती. मी मिस्सानंतर जेवून आडवा होत असे, तेव्हा ती भांडी घासत असे.

विश्रामाच्या दिवसाची आज्ञा अनुवाद पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात वाचून पाहा. तिथे दास, दासी, बैल, गाढव यांनाही विसावा द्यायला सांगितले आहे, कारण इस्राएल लोक स्वतः मिसर देशात गुलाम होते. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोवारुम’ या परिपत्रकात कामगारांच्या रविवारच्या विसाव्याचा आग्रह धरला. संत पोप जॉन पॉल दुसरे यांनीही १९९८ साली ‘दिएस दोमिनी’ या पत्रात प्रभूचा दिवस उपासनेबरोबरच दया आणि बंधुभावाचा दिवस असल्याचे सांगितले. दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवून घेतलेला विसावा प्रभूचा नव्हे.

मत्तयच्या शुभवर्तमानात येशू थकल्या-भागल्यांना विसावा देऊ करतो, आणि लगेच त्याचे जू खांद्यावर घ्यायला सांगतो. विसावा मागावा तर जू? पण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते, की जुवाला बैल दोन लागतात. एका बाजूला तो स्वतः असतो. एलियालाही देवाने पुढचे काम दिले तेव्हा सोबतीला अलीशा दिला, आणि तो भेटला तेव्हा बैलांच्या जोड्या लावून शेत नांगरत होता.

मी ती बढती स्वीकारली नाही. दुसऱ्या कोणाला कदाचित ती स्वीकारण्याचेच मार्गदर्शन मिळाले असते. कुटुंबासाठी रविवारी राबणाऱ्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. आमच्या घरी मात्र तेव्हापासून रविवारची भांडी मी आणि मुलगा घासतो.

या रविवारी मिस्सा संपल्यावर लगेच निघू नका. पाच मिनिटे प्रभूपाशी बसा. डोळा लागला तरी हरकत नाही. आणि घरी गेल्यावर पाहा, आपल्या घरात कोणाला अजून रविवार मिळालेला नाही.